निवडणूक की नेमणूक: स्वयंसेवी मंडळात विविधता कशाने येते?

ऑनलाइन समुदायाचं संचालक मंडळ एकसुरी झालं, की दोन उपाय पुढे येतात: सदस्यांनी मत देऊन निवडावं, किंवा मंडळानेच उणीव ओळखून माणसं नेमावीत.

निवडणुकीला वैधता असते, आणि ती मला फार मोलाची वाटते. पण मतं ओळखीच्या नावांना पडतात. ज्यांची भाषा बोलणारे जास्त, ज्यांना फावला वेळ जास्त, ती नावं आधीच ओळखीची असतात. यात मतपद्धतीने बराच फरक पडतो. चार जागांसाठी साध्या बहुमताने मतदान झालं, तर एकच मोठा गट चारही जागा घेऊ शकतो. एकल संक्रमणीय मतात (मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो, आणि वाया जाणारं मत पुढच्या पसंतीकडे वळतं) मात्र साधारण पाचव्या हिश्श्याहून जास्त मतं असलेला गट एक जागा हमखास मिळवतो. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने आपल्या मंडळाच्या २०२१ च्या निवडणुकीत हीच पद्धत वापरली.

नेमणुकीने कायदा, हिशेब किंवा एखाद्या प्रदेशाची उणीव लवकर भरते. मात्र नेमणारे बहुधा आपल्यासारखेच लोक शोधतात, आणि नेमलेली व्यक्ती कुणाला उत्तरदायी, हा प्रश्न उरतोच.

विकिमीडियाच्या मंडळात दोन्ही प्रकारच्या जागा आहेत. मला हा मिलाफ पटतो, पण पारडं निवडणुकीकडे झुकलेलं हवं. आणि बैठका एकाच खंडाच्या सोयीच्या वेळी, एकाच भाषेत होत राहिल्या, तर कुठल्याही मार्गाने आलेला नवा सदस्य मुदत संपायच्या आत निघून जाईल.