वर्षाचं पॅक घेतलं आणि बघतेय फुकटातलंच

आधी पैशाचं सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. गेल्या दिवाळीच्या ऑफरमध्ये एका स्ट्रीमिंग ॲपचं वर्षाचं पॅक घेतलं. नाव नाही घेत, कशाला उगाच. जाहिरातीत "चित्रकार, लेखक, गायक, दिग्दर्शक यांच्यावरच्या जगभरातल्या डॉक्युमेंटरी" असं ठळक लिहिलं होतं आणि मी त्या एका ओळीला भुलले. डोक्यात होती बीबीसीची 'अरीना'. १९७५ पासूनची मालिका, सुरुवातीला पाण्यावर एक बाटली तरंगत येते आणि मागे ब्रायन ईनोची ट्यून, विषय म्हणाल तर कधी लेखक कधी गायक आणि एकदा तर अख्खा भाग 'माय वे' या एका गाण्यावर, एकदा चक्क फोर्ड कॉर्टिना या गाडीवर. असलं काहीतरी मिळेल असं वाटलं होतं.

मिळालं काय, तर स्टार लोक. एक स्टार सोफ्यावर बसलाय, मागे महागडा लॅम्प, तो दुसऱ्या स्टारबद्दल सांगतोय की बाबा तो जीनियस होता, मग ड्रोनने सी लिंक, मग तिसरा स्टार, त्याचंही तेच. शोकसभेत कसं एकेक जण उठून दोन शब्द बोलतो ना, तसं. फरक इतकाच की इथे माणूस जिवंत असतो आणि समोर बसून ऐकतही असतो. बाबांनी पंधरा मिनिटं सहन केलं आणि म्हणाले, "अगं, सगळे त्याच्याबद्दल बोलतायत, तो काम कधी करणार?"

तेव्हापासून आमच्या घरी हेच माप. काम दिसतं का? दिसलं तर बघायचं, नाहीतर बंद.

आता सरसकट सगळंच टाकाऊ असतं असं नाही. 'अँग्री यंग मेन' बघितली (ती वेगळ्या ॲपवर, बहिणीच्या पासवर्डवर), सलीम-जावेदवरची, २०२४ ची, तीन भाग. कौतुकाचा पाऊस तिथेही आहेच, पण त्यात 'जंजीर'चा किस्सा आहे. पोस्टरवर लेखकाचं नाव घालायची पद्धतच नव्हती तेव्हा, मग या दोघांनी एक रंगवणारा माणूस गाठला आणि मुंबईभर लागलेल्या पोस्टरवर आपलं नाव रंगवून घेतलं! तिथे बाबा सावरून बसले. १९७३ सालचं, त्यांच्या डोळ्यासमोरचं. असे आणखी चार किस्से असते आणि सोफ्यावरची निम्मी मंडळी कापली असती तर दोन भागांत काम झालं असतं.

तर खरा रिव्ह्यू यापुढे. मी सध्या बघते फिल्म्स डिव्हिजनचं, म्हणजे सरकारी माहितीपट काढणाऱ्या संस्थेचं, आणि त्या काळातलं बाकीचं, यूट्यूबवर, शून्य रुपयात. हसू नका. पेडर रोडवरची ती संस्था १९४८ ची, आता २०२२ पासून एनएफडीसीमध्ये, म्हणजे सरकारच्या चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालीय. आपल्या आईवडिलांच्या पिढीला फिल्म्स डिव्हिजन म्हटलं की थिएटरात पिक्चरच्या आधी लागणारी ती सक्तीची रीळ आठवते, पूर आणि धरणं आणि खणखणीत आवाजातलं निवेदन, आणि लोक तेवढ्यात बाहेर जाऊन समोसा खाऊन यायचे. त्याच कारखान्यात सत्यजित राय, चित्रकार हुसेन, दिग्दर्शक मणी कौल असल्या लोकांनी फिल्मा केल्यात हे मला तिशीत कळलं, लाज वाटते सांगायला.

माझं बघणं सगळं लोकलमध्ये. डोंबिवलीला चढायचं, लेडीज डब्यात दोन बॅगांच्या मधे हात अडकवून मोबाईल धरायचा. 'द इनर आय' बरोबर डोंबिवली ते ठाणे आहे, वीस मिनिटं. १९७२ ची, रायांची. विषय बिनोदबिहारी मुखर्जी, शांतिनिकेतनमधले चित्रकार, राय स्वतः त्यांचे विद्यार्थी. पन्नाशीच्या आसपास ऑपरेशननंतर दृष्टी पूर्ण गेली, आणि हा माणूस त्यानंतर टाइल्सचं भित्तिचित्र करतोय. राय त्यावर गळा काढत नाहीत, आधी कामच दाखवतात. काळा चष्मा, आणि बोटं चाचपत जागा शोधतायत. मग मागे जाऊन त्यांची जुनी चित्रं, हिंदी भवनातल्या भिंतीवरचे संत. शेवटी निखिल बॅनर्जींची सतार. ठाणे आलं, धक्काबुक्की सुरू झाली आणि मी डोळे पुसत होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय गं, घरी सगळं ठीक ना?" आता काय सांगणार.

हुसेनची 'थ्रू द आईज ऑफ अ पेंटर' १९६७ ची, बर्लिनला गोल्डन बेअर मिळालेली. याच मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरलेला माणूस, त्याच्या हातात कॅमेरा दिला तर तो राजस्थानात जाऊन छत्री, कंदील, बूट असं एकामागोमाग एक मांडतो, गोष्ट नाही काही नाही. बाबांना आवडली नाही. "कळलं नाही" म्हणाले, मी म्हटलं बाबा, कळायचं नाहीये, बघायचंय, तर म्हणे मग मी खिडकीतून बघतो की. सोडून दिलं.

'बाला' मात्र मलाच निम्मी आवडली. भरतनाट्यमच्या नर्तकी बालसरस्वतींवरची, पुन्हा राय, १९७६, आपल्या नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलासंस्थेने आणि तमिळनाडू सरकारने मिळून केलेली. त्यात त्यांना समुद्रकिनाऱ्यावर नाचवलंय आणि वाऱ्याने सगळा पदर उडतोय, तो सांभाळायचा की अभिनय करायचा. मरीन ड्राइव्हला जूनमध्ये छत्री उघडून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतेय ते. पण पुढे घरातली, रियाजातली बाला दिसते तेव्हा ते सगळं माफ.

आणि मराठी माणसाने काहीही करून बघावी अशी एक, अरुण खोपकरांची 'नारायण गंगाराम सुर्वे'. २००२ चं राष्ट्रीय पारितोषिक. किशोर कदम सुर्व्यांच्या भूमिकेत, म्हणजे एक कवी दुसरा कवी करतोय. मी ती मोबाईलवर नाही, एका ग्रंथालयाच्या कार्यक्रमात बघितली, पंखे गरगरत होते आणि पुढच्या रांगेतले एक आजोबा कवितेच्या ओळी आधीच पुटपुटत होते. आई म्हणाली की असलं सगळं आम्हाला घरबसल्या मिळायचं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि 'प्रतिभा आणि प्रतिमा' लागलं की चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या दारात चपलांचा ढीग. सुहासिनी मुळगावकर एखाद्या लेखकाला समोर बसवून बोलतं करायच्या, एवढंच, लॅम्प नाही की ड्रोन नाही.

तोटे सांगायचे तर प्रिंट जुन्या आहेत, ओरखडे दिसतात, बऱ्याचशा इंग्रजीत. शोधायचं कसं तेही आधी माहीत हवं. कलाकाराचं नाव टाकून उपयोग नाही, फिल्मचं मूळ इंग्रजी नाव टाका. रात्री वायफायवर बघून ठेवा, कळवा-मुंब्र्याच्या नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. मोठ्या टीव्हीवर फार ताणू नका, मोबाईलवरच बऱ्या दिसतात.

आणि त्या पॅकचं. बंद करायला गेले तर रिन्यूअल आधीच कापलेलं, चॅटवर एक बॉट, त्याला मी चार वेळा लिहिलं की मला माणसाशी बोलायचंय आणि त्याने चारही वेळा मला एका दिग्दर्शकावरची नवी डॉक्युमेंटरी सुचवली. शेवटी मेल केला. सात दिवसांत रिफंड म्हणाले. आज एकोणिसावा दिवस. १ स्टार, तोही शून्य देता येत नाही म्हणून.