सहा हजारांची इम्पॅक्ट गन, होळीपासून दिवाळीपर्यंत: मोटर चांगली, बॅटरी कच्ची, आणि त्या रिंगबद्दल थोडं सविस्तर

होळीच्या आधी ही गन घेतली, म्हणजे ठोके मारत नट सोडवणारं बॅटरीवरचं मशीन. आली तेव्हा लिहायचं मुद्दाम टाळलं, कारण पहिल्या आठवड्यात कुठलंही मशीन चांगलंच वाटतं. आता इंदूरचा उन्हाळा तिने काढला, पावसाळाही सरत आलाय. एक बॅटरी मेली, तिच्यावरून विक्रेत्याशी वाद चालू आहे, आणि गोटी (नटावर बसणारं सॉकेट) धरून ठेवणारी रिंग झिजून गुळगुळीत झाली. आता लिहिण्यासारखं काहीतरी आहे.

ब्रशलेस (घासणारे कार्बन ब्रश नसलेली) मोटर, गोटी चढवायचं अर्धा इंच चौकोनी टोक, खोक्यावर ३५० न्यूटन-मीटर (हे फिरवण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप), '२१ व्होल्ट', दोन बॅटऱ्या, प्लास्टिकची पेटी. या किमतीतल्या सगळ्या गन साधारण अशाच असतात, तुम्ही पाहिल्या असतीलच. कंपनीचं नाव घेत नाही. हीच गन रंग बदलून चार-पाच नावांनी विकली जाते, आणि मला सांगायचंय ते त्या सगळ्यांना लागू आहे.

आधी रिंग. चौकोनी टोकावर एक खाच असते. तिच्यात स्प्रिंग-स्टीलची, एका जागी कापलेली बारीक रिंग बसते आणि तिच्याखाली रबराची दुसरी रिंग, जी लोखंडी रिंगला सतत बाहेर ढकलते. गोटी चढवताना रिंग दबते, आत गेली की फुगते आणि गोटी अडकून राहते. एवढंच तिचं काम. माझ्या गनची रिंग पहिली दोन-तीन टायर रोटेशन नीट चालली. मग गन जरा खाली झुकवली की १९ नंबरची लांब गोटी आपल्याच वजनाने निसटायला लागली. भिंग घेऊन पाहिलं. कापलेली दोन्ही टोकं गोलावलेली, एका बाजूला घासून चकाकी आलेली, खालचं रबर चपटं होऊन खाचेच्या तळाला चिकटलेलं.

ज्याने हे अनुभवलं नाही त्याला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण गोटी पडते ती फरशीवरून घरंगळत थेट गाडीच्या पोटाखाली जाते. जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नसतो, म्हणून प्रत्येक वेळी काठी शोधायची. एकदा ती अलॉय चाकाच्या कडेवर आपटली, तो चरा आता कायमचा. आणि नट आत असताना पडली तर नटही गेला. माझी होंडा सिटी जुनी आहे, चाकं मूळची आहेत. होंडाच्या मूळ नटांची बैठक (चाकाला टेकणारी बाजू) गोल असते, बाजारात सर्रास मिळणारे नट शंकूच्या बैठकीचे. ते मूळ चाकावर नीट बसत नाहीत आणि बसल्यासारखे दिसतात, हे जास्त वाईट. म्हणजे एक नट हरवला तर योग्य नट शोधत गावभर हिंडायचं, आणि हे सगळं कशामुळे, तर काही रुपयांच्या रिंगमुळे. मोटर ब्रशलेस द्यायची, पेटी झकपक द्यायची आणि रिंगचं पोलाद मात्र कच्चं वापरायचं, याचा मला खरोखर राग येतो.

इंदूरच्या सियागंज बाजारातल्या एका हार्डवेअरवाल्याकडे गन घेऊन गेलो. त्याने बॅटरी लावली नाही की खटका दाबला नाही. गल्ल्याजवळची गोटी चढवली, गन उलटी धरली, गोटी काउंटरवर पडली. "साब, मशीन ठीक है, रिंग का लोहा कच्चा है," एवढं बोलून त्याने डबीतून दुसरी रिंग आणि रबर काढलं आणि दोन चिमट्यांनी तिथल्या तिथे बसवून दिलं. खर्च चहा-पोह्यांइतका. आता गोटी काढायला हिसका द्यावा लागतो, जसं पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं.

माझं स्पष्ट मत: घरच्या गाडीसाठी गन घेत असाल तर रिंगवाली घेऊच नका, पिनवाली घ्या. पिनवाल्यात टोकावर छोटी लोखंडी पिन असते, ती गोटीच्या भोकात अडकते आणि दाबल्याशिवाय गोटी सुटत नाही. वर्कशॉपवाल्यांना दिवसभर गोट्या बदलाव्या लागतात, त्यांना रिंग सोयीची. आपण घरी काय करतो? चाकाला १९, ब्रेकच्या कॅलिपर ब्रॅकेटला १७, झालं. डिवॉल्टच्या डीसीएफ ८९९ मध्ये हा फरक मॉडेलच्या नंबरातच आहे: नुसता नंबर म्हणजे पिन, शेवटी एच असेल तर रिंग. स्वस्त गनच्या जाहिरातीत याचा उल्लेखही नसतो. टोकाचा फोटो मोठा करून बघा.

आता बॅटरी. गन घेण्याचं कारणच मुळी जाम झालेले नट होतं. ओंकारेश्वरहून आईला घेऊन परत येत होतो, सिमरोलच्या घाटाआधी टायर बसला, आणि डिक्कीतल्या एल-पान्यावर उभा राहिलो तरी दोन नट हलेनात. आधीच्या पंक्चरवाल्याने हवेच्या गनने पूर्ण बळ लावून ते आवळले होते. शेवटी एका ट्रकवाल्या भाऊंनी लांब पाइप दिला, तेव्हा सुटले. सिटीच्या नटाला १०८ न्यूटन-मीटर पुरतात. हवेची अर्धा इंची गन सहज त्याच्या दुप्पट-तिप्पट जाते, आणि पंक्चरवाल्याला घाई असते.

तर ३५० ची गन हे सोडवेल अशी माझी रास्त अपेक्षा. पहिले दोन महिने तिने सोडवलंही. मग मे महिन्यात एक बॅटरी अशी बसली की चार्जरचा दिवा लाल होईना की हिरवा. दुसरी चालू होती, पण तिच्यावर गन नुसती घुरघुरायची. ठोके पडायचे, नट जागचा हलायचा नाही. मग मी दोन फुटी ब्रेकर बार (गोटी बसवायचा लांब दांडा) लावून ते सोडवत होतो. साठ किलोचा माणूस साठ सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकावर पूर्ण वजन टाकतो तेव्हा साधारण ३५० न्यूटन-मीटर होतात. हिशेब तोच, बॅटरी लागत नाही, वॉरंटीची भानगड नाही.

'२१ व्होल्ट' म्हणजे पाच सेल, पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येकी ४.२ व्होल्ट. कामाच्या वेळी ते १८ च. मोठ्या कंपन्या ज्याला १८ व्होल्ट म्हणतात तेच हे. '८८ व्हीएफ', '३८८ व्हीएफ' वगैरे जे छापलेलं असतं ते व्होल्ट नव्हेतच. खरी गोम करंटमध्ये आहे. नट अडतो तेव्हा मोटर वीस-तीस अँपिअर मागते. सेलचा आतला रोध जास्त असेल, समजा प्रत्येकी ६० मिलिओहम, तर पाच सेलचा मिळून ०.३ ओहम आणि वीस अँपिअरला सहा व्होल्ट तिथेच खर्च. मोटरला उरतात बारा. सेल चांगले असतील तर दोनच व्होल्ट पडतात. मोटर तीच, गनच्या आत ठोके मारणारा हातोडा तोच, आणि ठोक्यात जमीन-अस्मानाचा फरक. सेलच्या दोन रांगा असतील तर करंट वाटला जातो आणि पडझड निम्मी होते. माझ्या दोन्ही बॅटऱ्या एका रांगेच्या होत्या, वर स्टिकर '१५००० एमएएच'चा (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप). १८६५० आकाराच्या उत्तमातल्या उत्तम सेलमध्येही साडेतीन हजारांच्या आसपासच मावतात. पाच सेल एकापुढे एक जोडले तरी ते साडेतीन हजारच राहतात. पंधरा हजार ही सरळ थाप आहे.

विक्रेत्याचं म्हणणं, बॅटरी 'कंझ्युमेबल' आहे, वॉरंटीत येत नाही. बिलावर सहा महिन्यांची वॉरंटी आहे आणि बॅटरी वगळल्याचा एक शब्दही नाही. मी तेच विचारतोय: कुठे लिहिलंय ते दाखवा. उत्तर येत नाही, तक्रार मात्र आपोआप 'निकाली' निघते. पुन्हा उघडायची, पुन्हा फोटो, पुन्हा व्हिडिओ. सर्व्हिस सेंटर दुसऱ्या शहरात, गन माझ्या खर्चाने पाठवा म्हणतात. आजच्या घडीला माझा सल्ला: घेऊ नका, ब्रेकर बार घ्या.

वरचं सगळं गणपतीच्या दिवसांत लिहून ठेवलं होतं. ते खोडत नाही, पण मत बदललंय, म्हणून पुढचं आता दिवाळीनंतर लिहितोय.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. बिलाचा फोटो, विक्रेत्याचे सगळे मेसेज, बॅटरीचा व्हिडिओ, सगळं जोडलं. त्यानंतर जे लोक महिनोन्‌महिने 'कंझ्युमेबल' म्हणत होते त्यांचाच फोन आला, अगदी अदबीने, आणि बॅटरी बदलून आली. एका रांगेचा माल संपला होता म्हणून दोन रांगांची पाठवली! हातात घेताच वजन कळलं. खाली भारतीय मानकाचं चिन्ह, आयएस १६०४६ आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. जुन्या बॅटऱ्यांवर यातलं काहीच नव्हतं. तुम्ही घ्याल तेव्हा हे आधी शोधा.

नवी बॅटरी लावून त्याच गाडीच्या मागच्या डाव्या चाकाकडे गेलो. या चाकाच्या एका नटाने मला पावसाळाभर छळलं होतं, गंज चढून आटे तांबूस झाले होते. गोटी चढवली, खटका दाबला. दोन-तीन सेकंद तो कर्कश कडकडाट, मग आवाज एकदम बदलला आणि नट फिरत बाहेर आला. शेजारचे काका ओट्यावर पेपर वाचत होते, ते उठून बघायला आले. गन तीच होती. म्हणजे ३५० चा आकडा अगदीच खोटा नव्हता, त्याला पोसणारी बॅटरी दिली नव्हती. मोटर आणि हातोडा याबद्दल आता माझी काही तक्रार नाही. रिंगबद्दल आहे आणि राहील.

या काळात काही गोष्टी पक्क्या झाल्या. गन सोडायला, हात आवळायला. माझा मावसभाऊ पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात आहे, त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं: "दादा, आवळताना गन फक्त नट टेकेपर्यंत, तीही सर्वात हळू गतीवर. पुढे टॉर्क रेंच." टॉर्क रेंच म्हणजे ठरवलेला जोर झाला की कळवणारा पाना. त्याचं म्हणणं शब्दशः पाळतो. या गनला तीन गती आहेत, पण 'एक'वर ठेवूनही खटका जरा जास्त वेळ दाबला तर ती १०८ च्या पुढे जाते. टॉर्क रेंचने आवळताना सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर लांब दांड्यावर पंचवीसेक किलोचा जोर पुरतो, समोरासमोरचे नट आळीपाळीने, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचे. ऑइल पॅनच्या ड्रेन बोल्टला (तेल काढायच्या बोल्टला) गन लावायचीच नाही, ना सोडताना ना आवळताना. त्याला सुमारे ४० न्यूटन-मीटर लागतात आणि पॅन अॅल्युमिनियमचा असतो. आटे गेले तर गनच्या किमतीहून मोठं बिल येईल.

गोट्या काळ्याच घ्या, क्रोम-मॉलिब्डेनमच्या, सहा कोनी. घरातल्या चकचकीत क्रोम-व्हॅनेडियमच्या गोट्या हाताच्या कामाला उत्तम, पण ठोक्यांखाली तडकतात आणि तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. अलॉयसाठी बाहेरून प्लास्टिकची बाही असलेली पातळ गोटी मिळते, ती घेतली असती तर तो चरा पडला नसता, म्हणून आता घेतली. गन आणि गोटीच्या मधला एक्स्टेंशनचा दांडा लांब लावाल तितके ठोके वाटेत जिरतात. आणि पाव इंची षटकोनी तोंडाच्या, स्क्रू फिरवायच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरला अर्धा इंची अॅडॅप्टर लावून चाकं खोलायचा विचार असेल तर सोडून द्या, अॅडॅप्टर तुटतो.

बॅटरी डिक्कीत ठेवत नाही. लिथियमच्या सेलना ४५ अंशांपुढे चार्ज करू नये म्हणतात, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिक्की त्याच्या कितीतरी पुढे जाते. आता ती घरात कपाटात असते, निम्मी चार्ज करून.

काकांनी तो नट सुटताना पाहिल्यापासून त्यांनाही गन हवी आहे. त्यांची वॅगन-आर घराच्या फाटकातच उभी राहते आणि भिंतीला प्लग आहे. त्यांना मी वायरची, २३० व्होल्टची सांगितली. हजार वॉटची असली तरी चार-साडेचार अँपिअरच घेते, दीड एमएमची एक्स्टेंशन वायर पुरते. वजन जास्त, रस्त्यावर कामाची नाही, पण मरायला बॅटरीच नाही आणि पैसेही कमी. सिगारेट लायटरला लावायच्या १२ व्होल्टच्या गनबद्दलही ते विचारत होते. त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा दहा-पंधरा अँपिअरचा असतो, म्हणजे जेमतेम पावणेदोनशे वॉट, तेही इंजिन चालू ठेवून. त्यापेक्षा वायरची गन आणि डिक्कीत ब्रेकर बार, असं त्यांना सांगितलंय, आणि सियागंजला त्यांच्यासोबत मीच जाणार आहे.