स्वस्त पेव्हर ब्लॉकच्या नादात १९,६४९ रुपये गेले

एकोणीस हजार सहाशे एकोणपन्नास. आकडा मुद्दाम पूर्ण लिहितोय. नातेवाइकांना मी ‘गेले आठ-दहा हजार’ असंच सांगितलंय, आणि आता खोटं बोलायचाही कंटाळा आलाय.

आधी हे सांगतो की मी भोळा माणूस नाही. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं डिस्पॅचला होतो. गाडी, वजनकाटा, चलन, गेटपास यातच आयुष्य गेलं. कोणत्या गाडीत किती माल बसतो हे मी झोपेतही सांगेन. ही फुशारकी नाही, पुढे कळेल का सांगतोय ते.

आमचं घर पाथर्डी फाट्याजवळ. फाटकापासून मागच्या नळापर्यंत ४० फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद बोळ, बाजूने जास्वंद, कढीपत्ता वगैरे. जमीन काळी. पावसाळ्यात चप्पल रुतते, उन्हाळ्यात भेगा पडतात. ठेकेदाराने माल-मजुरीसकट ८० रुपये चौरस फूट सांगितले, मुरूम वेगळा. म्हटलं रिकामाच आहे, स्वतः करू. रोज सकाळी सहाला फावडं घेऊन नऊ दिवसांत आठ इंच खोल चर खणला. खाली मुरूम, त्यावर इंचभर क्रश सँड, वर ६० एमएमचा ब्लॉक आणि कडेला कर्बस्टोन, असा हिशोब. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते, म्हणून मुरमाचा थर कमी केला की दुसऱ्या वर्षी ब्लॉक दातांसारखे वर-खाली होतात. मुरूम एक ब्रास (शंभर घनफूट) आणला, रोख दिले, माल चोख मिळाला. तिथपर्यंत सगळं सरळ होतं.

ब्लॉक विटेच्या आकाराचे हवे होते, २०० बाय १०० एमएम. हे चौरस मीटरला बरोबर ५० लागतात. माझा बोळ १४० चौरस फूट म्हणजे १३ चौरस मीटर, म्हणजे ६५० नग. कापाकापी, तूटफूट धरून १५० फूट घ्यायचे, साधारण ७०० नग. दोन कारखान्यांत विचारलं, ४८ रुपये फूट. म्हणजे ७,२०० आणि गाडीभाडं.

आणि मग फोनवर ती जाहिरात दिसली. ‘सिंहस्थाच्या कामातला शिल्लक माल, ६० एमएम, एम-३५, ३० रुपये फूट, घरपोच.’ नाशिकमध्ये २०२७ च्या कुंभासाठी जिकडे तिकडे रस्ते उकरलेले, घाट, वाहनतळ, जिथे जावं तिथे ब्लॉकच्या थप्प्या. माल शिल्लक राहणारच, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं.

फोन केला. चांगला आपल्यातला वाटला, मधूनच खानदेशी हेल. म्हणाला, “काका, जमीन काळी आहे का? मग मुरूम चार इंचाच्या खाली घेऊ नका. आणि उतार भिंतीकडून बाहेर ठेवा.” बरोबर बोलला! ज्याला मुरूम कळतो तो चोर कसा असेल, हे माझं गणित. चराचा फोटो मागितला. मी पाठवला, अभिमानाने. तो म्हणाला, “काका, आमच्या मिस्तरीला नाही असा सरळ खणता येत.” नऊ दिवस घरात कुणी असं म्हटलं नव्हतं.

बुकिंगचे १,५०० दिले. दुसऱ्या दिवशी ‘लोडिंगच्या आधी बाकी क्लिअर करा’ म्हणून ३,००० दिले. मालाचे ४,५०० पूर्ण झाले. मग जाहिरातीतलं ‘घरपोच’ विसरून ट्रान्सपोर्टचे २,८०० मागितले, मीही वाद घातला नाही. मग तपोवनातल्या साइटवरून माल बाहेर काढायचा गेटपास, डिपॉझिट ४,९९९, माल उतरला की परत. कुठल्या सरकारी गेटपासची रक्कम चपलेच्या किमतीसारखी ९९९ वर संपते हो? पण तोवर ७,३०० अडकले होते, आणि अडकलेले पैसे माणसाला पुढचे द्यायला लावतात. हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. तरी दिले.

ते देण्याआधीच त्याने फोटो पाठवला होता. तोच फोटो मला अजून झोपू देत नाही. छोटा हत्ती, पाठीमागे ब्लॉक रचलेले, फळीवर खडूने माझं आडनाव. ‘काका, तुमचा पूर्ण माल लोड झाला.’ मी फोटो मोठा करून पाहिला. काय पाहिलं? तर आडनावाचं शुद्धलेखन! ६० एमएमचा असा एक ब्लॉक पावणेतीन-तीन किलोचा. सातशे नग म्हणजे दोन टन. छोटा हत्ती पाऊण टनाची गाडी. दोन टन टाकले तर स्प्रिंगचे पाटे उलटे होतील, टायर जमिनीला चिकटेल, पुढची चाकं उचलल्यासारखी होतील. फोटोतली गाडी मात्र रिकामी असल्यासारखी ताठ उभी. टायर आणि मडगार्डमध्ये माझी चार बोटं सहज गेली असती एवढी फट. सव्वीस वर्षं मी फाटकावर उभा राहून हेच बघत होतो, चाकाकडे नजर टाकून ड्रायव्हरला ‘परत काट्यावर घे’ म्हणत होतो. आणि माझ्या स्वतःच्या मालाला मी चाक बघितलं नाही.

नंतर हा फोटो भाच्याला दाखवला, त्याने विचारलं, “मामा, ही गाडी एवढी उंच का?” तो बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करतो, डिस्पॅचला नव्हता.

शनिवारी दुपारी फोन आला, गाडी शिंदे टोलनाक्यावर अडवलीय, ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) नाही, दंड ७,३५०. आता नाशिककरांनी हसून घ्यावं. तपोवनातून पाथर्डी फाट्याला यायला शहराबाहेरचा, सिन्नर रस्त्यावरचा शिंद्याचा नाका कुठून लागतो? मी विचारलं हो, एवढा मूर्ख नाही. तो म्हणाला, माल आधी सिन्नरच्या गोडाऊनला हलवला होता. पटलं. बरं, आपल्या राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या आतल्या मालाला ई-वे बिल लागतच नाही. २०१८ साली ते लागू झालं तेव्हा मीच सगळ्या ट्रान्सपोर्टरना ते समजावत फिरत होतो. साडेचार हजारांच्या ब्लॉकला ई-वे बिल! पण मागे ड्रायव्हर ओरडतोय, साहेब गाडी जप्त करतील, आणि इकडे आभाळ भरून आलंय, चर उघडा. चार वाजून दहा मिनिटांनी ७,३५० पाठवले.

साडेपाचला हमालीचे ३,५०० मागितले. हिने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, “अहो, ब्लॉक आहेत की सोनं?” तिथे थांबलं. नाहीतर आकडा २३,१४९ असता.

माझी सगळ्यात मोठी चूक यानंतरची. लाजेने रविवार घालवला. वाटलं, सोमवारी गाडी येईलही. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला तो सोमवारी सकाळी. पैसे गेल्यावर त्याच तासात लावा. लाज वाटत असली तरी लावा, बायकोला सांगायच्या आधी लावा. तोवर माझे पैसे तीन खात्यांतून पुढे गेले होते. ‘होल्ड’ झाले, म्हणजे गोठवता आले, ते ११३० रुपये, आणि ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलं गेलं. अकराशे तीस रुपयांसाठी कोर्ट!

पोलीस ठाण्यात गेलो तर, हे सायबरचं, तिकडे जा. तिकडे गेलो तर, रक्कम किरकोळ आहे काका, तुमच्या ठाण्यातच द्या. परत ठाण्यात. ड्युटीवरचे साहेब जेवायला गेलेले. दीड तास बाकावर. आले, अर्ज वाचला, म्हणाले, “बिल का घेतलं नाही?” म्हटलं घेतलंय, जीएसटी नंबरसकट, तो नंबर दुसऱ्याच कुणाचा निघाला. एवढं सगळं ऐकून त्यांनी काय विचारावं? “तीस रुपये फूट? आम्हाला अठ्ठेचाळीसला पडले.” पुढची दहा मिनिटं त्यांच्या गच्चीवरच्या ब्लॉकवर चर्चा. फसवणुकीचं ४२० कलम आता न्याय संहितेत ३१८ झालंय, हे मी घरून वाचून गेलो होतो. ते बोलल्यावर साहेबांचा चेहरा असा झाला की जणू मीच आरोपी. एफआयआर नाही. अर्जाच्या मागे शिक्का मिळाला, तोही मागून. शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

बँकेत, “पिन तुम्हीच टाकला ना?” टाकला. “मग?” मग काय, उठलो. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, म्हणून तिथेही चौकशी केली. विरुद्ध पक्षाचं नाव-पत्ता द्या म्हणाले. अहो, तो माहीत असता तर फावडं घेऊन मीच गेलो असतो. दोन महिन्यांत पाच हेलपाटे, रिक्षाला ६४० रुपये. ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

कुणी म्हणेल लोभ नडला. २,७०० वाचवायचे होते, त्याला लोभ म्हणायचं तर म्हणा. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे सगळे मग लोभीच.

ब्लॉक घेणार असाल तर कारखान्यात स्वतः जा, निदान एक ब्लॉक हातात घ्या. दोन ब्लॉक एकमेकांवर ठोका. खणखणीत वाजला पाहिजे, बद्द वाजला तर सोडून द्या. जाडी पट्टीने मोजा, ६० सांगून ५० देतात. आयएस १५६५८ प्रमाणे चाचणीचा कागद मागा. पैसे माल फाटकात उतरल्यावर, मोजून. काट्याची पावती मागितली की खोटा माणूस लगेच वैतागतो. आणि जो तुमच्या खणण्याचं कौतुक करेल त्याला तर मुळीच देऊ नका.

चर अजून तसाच आहे. पाणी साचलंय, मुरूम एका कडेने खचला, रात्री बेडूक ओरडतात. काल भाच्याने फोन पुढे केला. तीच जाहिरात, तीच ताठ उभी गाडी, फळीवर खडूने दुसरंच आडनाव. दर २६ रुपये. मी तिथल्या तिथे तक्रारीचं बटण दाबलं, सगळं सविस्तर लिहिलं. आज सकाळी उत्तर आलं: ‘या जाहिरातीत आमच्या नियमांचे उल्लंघन आढळले नाही.’