लोड बॅलन्सिंगवाला ७.४ किलोवॉटचा चार्जर: सोसायटीने घ्यावा का?

सिंगल फेज, ३२ अँपिअर, भिंतीवर बसणारे हे चार्जर गाडी चार्ज करण्यात चोख आहेत. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. जास्तीचे पैसे जातात ते लोड बॅलन्सिंगसाठी (म्हणजे बाकीचा वापर बघून चार्जरने आपला करंट कमी-जास्त करणं), आणि घोळही तिथेच होतो.

आधी डीपीचं, म्हणजे सोसायटीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं बघू. गीझर वीस मिनिटांत बंद होतो; गाडी चार-पाच तास सलग ७ किलोवॉट ओढते, तेही घरोघरी एसी चालू असताना. ३१५ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर फेजमागे साधारण ४२० अँपिअर देतो. दहा चार्जर एकाच फेजवर टाकले की ३२० अँपिअर तिथेच संपले. आर-वाय-बी या तिन्ही फेजवर वाटले तर एका फेजवर जास्तीत जास्त १२८. पण वायरमन हाताशी येईल ती फेज उचलतो. मग न्यूट्रल (तिन्ही फेजची सामाईक परतीची वायर) तापतो, आणि त्याचा लग (वायरच्या टोकाचा जोड) सैल असला तर दुसऱ्या फेजवरच्या घरांत व्होल्टेज चढून टीव्ही-फ्रिज जळतात.

चार्जरसोबतचा सीटी क्लॅम्प (वायरभोवती बसणारा, करंट मोजणारा सेन्सर) फ्लॅटच्या मीटरवर लावला, तर चार्जर फक्त त्या घराची मेन सांभाळतो. शेजारच्या नऊ गाड्या त्याला दिसतच नाहीत. इमारतीसाठी तिन्ही फेजचे सीटी इनकमरवर, म्हणजे इमारतीत येणाऱ्या मुख्य केबलवर हवेत (वीज कंपनीला विचारूनच) आणि सगळे चार्जर त्यांना करंट वाटून देणाऱ्या एका कंट्रोलरवर. छतावर सोलर असेल तर सीटीवरचा बाण तपासा. उलटा लागला तर घेतलेली वीज चार्जरला शिल्लक वाटते आणि ऐन संध्याकाळी तो पूर्ण जोर लावतो.

६ अँपिअरच्या खाली चार्जिंग होत नाही. फेजवर ३० अँपिअर मोकळे असतील तर एका वेळी पाचच गाड्या, सहावी थांबते. थांबलेल्या काही गाड्या नंतर जाग्याच होत नाहीत, हा खरा वैताग.

टायमर तर दुधारी. सगळ्यांनी रात्रीचे ११ लावले की ठोक्याला सगळे सुरू! ब्रिटनमध्ये २०२२ पासून घरगुती चार्जरला १० मिनिटांपर्यंतचा रँडम डिले (प्रत्येक चार्जर थोडा मागे-पुढे सुरू होणं) सक्तीचा आहे. आपल्याकडे घेताना ही सोय मुद्दाम विचारा.

केबलमध्ये कंजुषी नको. ४० मीटरवर ६ चौरस मिमी तांब्यात ९ व्होल्ट पडतात, १० चौरस मिमीत साडेपाच. ओव्हरलोडसाठी ४० अँपिअरचा एमसीबी, गळतीचा करंट दिसताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळतीचं संरक्षण नसेल तर डीसी गळतीही ओळखणारा टाइप बी.

गाड्या दोन-तीनच असतील तर कंट्रोलरचा खर्च करू नका. चार्जर १६ अँपिअरवर लॉक करा, फेज वेगवेगळ्या ठेवा. आठ तासांत साधारण २९ युनिट जातात, शहरातल्या रोजच्या फिरण्याला तेवढे पुरून उरतात.