अ‍ॅम्बेसेडरला एसयू कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा भाग) सव्वा इंची की दीड इंची?

इंजिन १४८९ सीसीचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी-सिरीज. ४५०० आरपीएमला ते कागदावर मिनिटाला साधारण ३३५० लिटर हवा ओढतं. सिलिंडर पूर्ण कधीच भरत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. आता प्रश्न इतकाच की रोज गाडी ४५०० वर जाते का? नाशकात द्वारका ते कॉलेज रोड, सिग्नलमागून सिग्नल, तिथे नाहीच जात.

म्हणून माझं मत सव्वा इंचीच्या, म्हणजे एचएस-२ च्या बाजूने. घसा, म्हणजे हवा आत जाण्याची वाट, लहान असल्याने कमी आरपीएमला हवेचा वेग टिकतो, पेट्रोलचे कण बारीक होतात आणि पेडल दाबताच गाडी निघते.

दीड इंची एचएस-४ चा घसा क्षेत्रफळाने ४४ टक्के मोठा. एसयूचा पिस्टन हवेप्रमाणे वरखाली होत असल्यामुळे तो ठरावीक घशाच्या सोलेक्स कार्ब्युरेटरसारखा लगेच अडखळत नाही, हे खरं. कसारा घाट तिसऱ्या गिअरमध्ये ताणत चढवायचा असेल, हेड पोर्ट केलेलं (हवेच्या वाटा घासून मोठ्या केलेलं) आणि सायलेन्सर मोकळा असेल, तर तो घ्याच. इंजिन मूळ अवस्थेत असेल तर फरक जेमतेम जाणवतो. शिवाय मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटर ते इंजिन जोडणारी नळी) आणि नीडल (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई) बदलावी लागते, तो खर्च वेगळा.

कोणताही बसवा, ट्यूनिंग नाशकातच करा. इथली उंची सुमारे ६०० मीटर, हवा विरळ. मुंबईत जुळवलेलं मिश्रण इथे थोडं रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, होतं. जेटचा (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राचा) नट किंचित वर घ्या आणि प्लगचा रंग बघा: फिकट तपकिरी हवा, काजळी नको.