घरात दिव्याखाली मिरची-टोमॅटो: मातीचं मिश्रण, कोकोपीट की नुसतं पाणी?

घरात एलईडी दिव्याखाली मिरची किंवा बुटक्या जातीचा टोमॅटो घ्यायचा म्हटलं की दिवा कोणता आणि बियाणं कुठलं, यावरच सगळी चर्चा होते. मुळं मातीच्या मिश्रणात वाढणार, कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) की नुसत्या खत विरघळवलेल्या पाण्यात, हा प्रश्न मागे राहतो. रोज किती वेळ द्यावा लागेल, चूक झाली तर सावरायला किती अवधी मिळेल आणि चार दिवस घराला कुलूप लावता येईल का, हे मात्र त्यावरच ठरतं.

दिव्याचं गणित तिन्ही पद्धतींत एकच आहे. या दोन्ही पिकांना फुलायला ठरावीक लांबीचा दिवस लागत नाही. पानांच्या पातळीवर ३०० ते ५०० मायक्रोमोल (दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशाचं माप) प्रकाश आणि १४ ते १६ तास दिवा पुरतो. चोवीस तास दिवा चालू ठेवला तर टोमॅटोची पानं पिवळी पडतात, म्हणून टायमर लावाच. घरात वारा आणि मधमाशा नसतात, त्यामुळे फुलं आली की रोज एकदा झुपक्याला हलकी टिचकी मारायची.

मातीचं मिश्रण

नुसती बागेतली माती कुंडीत भरू नका. ती दोन महिन्यांत दबून घट्ट होते आणि मुळांना हवा मिळत नाही. माती ३ भाग, कंपोस्ट किंवा गांडूळखत ३ भाग, कोकोपीट २ भाग आणि परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) २ भाग हे प्रमाण चांगलं. मिरचीला ८ ते १० लिटरची कुंडी, झुडपी टोमॅटोला १२ ते १५ लिटरची.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे मिश्रण चुका पोटात घेतं. पाण्याचा पीएच (आम्लता मोजण्याचा आकडा) थोडा इकडेतिकडे झाला किंवा खत एखाद्या आठवड्यात चुकलं, तरी झाड लगेच तक्रार करत नाही. पहिले तीन-चार आठवडे बहुतेक वेळा वेगळं खत लागतच नाही. पुढे आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला १ ते २ ग्रॅम पुरतं.

बिघडतं ते पाण्यामुळे, आणि बहुतेकदा जास्त पाण्यामुळे. मिश्रणातल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात, पानं लोंबतात. लोंबलेली पानं पाहून माणूस आणखी पाणी घालतो. बोटाने वरचा थर चाचपण्यापेक्षा कुंडी उचलून पाहावी: भरपूर पाणी दिल्यावर आणि वाफसा आल्यावर तिच्या वजनात किती फरक पडतो, हे दोन-तीन वेळा उचललं की हाताला कळतं. सतत ओल्या राहिलेल्या वरच्या थरात बारीक काळी चिलटं होतात आणि त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. पिवळा चिकट सापळा उडणारी चिलटं पकडतो, पण वरचे २-३ सेंटिमीटर सुकू दिल्याशिवाय त्यांची पैदास थांबत नाही.

कोकोपीट

कोकोपीट दिसायला मातीसारखं, पण त्यात झाडाला पुरेल असं अन्न नसतं. त्याला पाण्यात वाढवण्याचीच एक पद्धत समजा. माती समजून वापरलं तर पंधरा दिवसांत रोप फिकट पडतं.

वीट भिजवून थेट कुंडीत भरणं ही नवख्यांची नेहमीची चूक. कच्च्या कोकोपीटच्या कणांवर सोडियम आणि पोटॅशियम धरलेलं असतं. तुम्ही दिलेलं कॅल्शियम ते ओढून घेतं आणि बदल्यात हे क्षार सोडतं. म्हणून आधी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, मग लिटरला साधारण २ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून निथळा आणि पुन्हा एकदा धुवा. पिशवीवर ‘बफर्ड’ लिहिलेलं असेल तर हा खटाटोप वाचतो. भरताना ७ भाग कोकोपीटला ३ भाग परलाइट घ्या.

त्यानंतर प्रत्येक पाणी खताचंच. पीएच ५.८ ते ६.२. ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये) रोपाला ०.६ ते ०.८, वाढीच्या काळात १.२ ते १.६ आणि टोमॅटोला फळं धरल्यावर २ च्या आसपास. दर वेळी दिलेल्या पाण्यापैकी १० ते २० टक्के खालून निघून गेलं पाहिजे, नाहीतर क्षार साचतात. निघालेल्या पाण्याचा ईसी दिलेल्यापेक्षा बराच चढला, तर मात्रा वाढवू नका. हलक्या द्रावणाने कुंडी धुऊन काढा. मोठ्या झाडाला रोज पाणी लागतं. कोकोपीट वाळू दिलं तर उरलेल्या ओलाव्यात क्षार तीव्र होतात आणि पानांच्या कडा करपतात.

या कष्टाच्या बदल्यात वाढ मातीपेक्षा वेगाने होते आणि जास्त पाण्याने झाड मरण्याची भीती बरीच कमी होते, कारण भिजलेल्या कोकोपीटमध्येही हवा राहते.

नुसतं पाणी

१५ ते २० लिटरची अपारदर्शक बादली, झाकणात जाळीची कुंडी, तिच्यात मातीचे भाजलेले गोळे, तळाशी एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) आणि बाहेर एअर पंप. बादलीत खताचं द्रावण. सामान एवढंच. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत उलटझडप बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात येतं.

इथला शत्रू उष्णता. २० अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास, आणि गरम पाण्यात मुळांची ऑक्सिजनची गरज उलट वाढते. पाणी १८ ते २२ अंश असावं. २५ च्या वर मुळं तपकिरी, बुळबुळीत होऊन कुजू लागतात. बादलीत उजेड शिरला तर शेवाळ होतं. मुळं वाढली की पाण्याची पातळी ४-५ सेंटिमीटर खाली ठेवा. वरची मुळं हवेत राहिली तर पंप बंद पडल्यावर झाड थोडा वेळ तरी तग धरतं.

पीएच ५.५ ते ६.२, तपासणी रोज, द्रावण ७ ते १० दिवसांनी पूर्ण नवं. पाणी कमी होऊन ईसी चढत असेल तर झाड खतापेक्षा पाणी जास्त पितंय, तेव्हा द्रावण पातळ करा. ईसी उतरत असेल तर मात्रा कमी पडतेय.

मातीला चालणारं १९:१९:१९ इथे आणि कोकोपीटमध्ये चालत नाही. त्यात बरंचसं नत्र युरियाच्या रूपात असतं, ते वापरण्याजोगं करणारे जिवाणू इथे पुरेसे नसतात. शिवाय त्यात कॅल्शियम नाही. अ आणि ब अशा दोन भागांत मिळणारं खत घ्या आणि दोन्ही भाग घट्ट स्वरूपात एकमेकांत कधीही मिसळू नका, कॅल्शियम गोठून तळाशी बसतं. आधी एक भाग पाण्यात पूर्ण ढवळायचा, मग दुसरा, पीएच सगळ्यात शेवटी.

फळाचं काळं बूड

टोमॅटो किंवा मिरचीचं बूड काळं, चामड्यासारखं झालं तर फळापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नाही. उपाय मात्र तिन्हीकडे वेगळा. मातीत कॅल्शियम सहसा असतं, पाणी कधी खूप कधी अजिबात नाही असं दिल्याने ते पोचत नाही. तिथे चुना घालण्यापेक्षा पाण्याची वेळ सांभाळा. कोकोपीटमध्ये पहिला संशय न धुतलेल्या विटेवर. पाण्यात ईसी फार चढल्याने किंवा मुळं अर्धवट कुजल्याने असं होतं.

कुणी काय घ्यावं

पहिलंच झाड असेल, पीएच मीटर घ्यायचा नसेल किंवा अधूनमधून दोन-चार दिवस बाहेर जावं लागत असेल, तर मातीचं मिश्रण, दुसरा विचार नको. रोज दहा मिनिटं नक्की देता येत असतील आणि मोजमापाचा कंटाळा नसेल, तर कोकोपीट. पाण्याची पद्धत खोली थंड असेल आणि वीज भरवशाची असेल तरच घ्या. पहिल्या खेपेला तीत मिरचीऐवजी लेट्यूस लावलेलं बरं, कारण ते पाच-सहा आठवड्यांत निघतं आणि चूक महागात पडत नाही.

मीटर घेतलाच तर पीएच ७ आणि पीएच ४ अशी तपासणीची दोन्ही द्रावणं सोबत घ्या आणि टोक कोरडं पडू देऊ नका. पुढे पाण्याकडे वळायचा विचार असेल तर बी मातीत रुजवू नका; मुळांना चिकटलेली माती पूर्ण धुतली जात नाही आणि एअर स्टोनची छिद्रं बुजवते. स्पंजच्या किंवा कोकोपीटच्या छोट्या ठोकळ्यात रुजवलेलं रोप तिन्हीपैकी कशातही लावता येतं.