टेकडीवर बी पेरावं की पिशवीतलं रोप लावावं?

पाऊस जवळ आला की वेताळ टेकडीवर, तळजाईवर झाडं लावायला निघणाऱ्या पुणेकरांपुढे हा प्रश्न येतोच. रोप डोळ्यांना भरतं, लावल्याचं समाधान लगेच मिळतं. बी पेरलं की कितीतरी दिवस दाखवायला काहीच नसतं. तरी टेकडीसाठी माझं मत बियांच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण मुळांत आहे.

बी रुजताना आधी आदिमूळ, म्हणजे पहिलं कोवळं मूळ, बाहेर पडतं आणि सरळ खाली जातं. त्याच्या टोकावरची मूलटोपी झिजते, पुन्हा बनते, म्हणून आतलं कोवळं टोक मुरमातूनही वाट काढतं. टोकाच्या जरा मागे मूलरोम, म्हणजे केसांसारखे बारीक धागे असतात. पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार मुख्यतः तेच शोषतात. एक मूलरोम म्हणजे एकाच पेशीचा भाग, त्यामुळे रोप लावताना मातीचा गोळा फुटला की आधी तेच तुटतात. जाड मुळं शाबूत दिसतात आणि रोप मात्र मान टाकतं.

टेकडीवर माती बेताची, खाली मुरूम, त्याखाली बसाल्टचा कातळ. पावसाळा सरला की पुढचा जून येईपर्यंत झाडाची भिस्त खोलवरच्या ओलीवर. जागेवरच रुजलेला पळस सुरुवातीची वर्षं वर फारसा वाढत नाही, उन्हाळ्यात शेंडाही वाळतो, पण मूळ खाली उतरत असतं. पिशवीत त्याच सोटमुळाला, म्हणजे सरळ खाली जाणाऱ्या मुख्य मुळाला, तळ लागतो आणि ते गोल फिरू लागतं. हे वेटोळं जमिनीत गेल्यावरही आपोआप सुटत नाही. पुढे मुळं जाड होऊन एकमेकांना आवळतात, झाडाची पकड कच्ची राहते.

बियांतही नुकसान होतंच. उंदीर-मुंग्या खातात, गवत कोंब दाबून टाकतं. म्हणून एका जागी तीन-चार बिया टाकाव्यात. पळस आणि करंजाचं बी त्याच उन्हाळ्यातलं ताजं हवं. वड-उंबराचं बी अगदी बारीक, तिथे रोपच बरं. वडाची फांदीही मुळं धरते, फक्त तिला सोटमूळ नसतं.

सोसायटीच्या आवारात, नळ हाताशी असेल तर रोप खुशाल लावा. नर्सरीत उंच रोपाला भुलू नका, पिशवीच्या भोकांतून जाड मूळ बाहेर आलंय का ते पाहा. आलं असेल तर दुसरं, लहान रोप मागा. लावताना पिशवी पूर्ण काढा आणि तळाशी वेटोळं दिसलं तर तेवढा भाग धारदार कात्रीने छाटा.